बर्फात बसलेला सप्ताह

मित्रांनो, मी एक जुनी वीणा आहे. मैफलीत गवयामागं मखमलीवर बसतात त्यांच्यातली मी नव्हे. कीर्तनात माळकऱ्याच्या गळ्यात पट्टा अडकवून जी उभी राहते, ती मी. दिसायला मी काही देखणी नाही. माझ्या भोपळ्याला एक चीर गेली आहे आणि तिच्यात लाख भरलेली आहे. माझी एक तारसुद्धा बाकीच्या तारांपेक्षा वेगळ्या रंगाची आहे. लहान मुलं ती तार बोटानं चाचपून बघतात आणि विचारतात, "ही अशी का?" त्याचं उत्तर मोठं आहे. पण कीर्तनकार बुवा आधी नमन करतात आणि मगच कथेला हात घालतात, तसं मलाही आरंभापासून सांगू द्या.

भीमेच्या काठच्या एका मळ्यात मी कडू भोपळा होते. भाजीच्या कामाचा नाही म्हणून मला कुणी तोडलं नाही. वेलावरच वाळून मी टणक झाले. मग मिरजेच्या एका कारागिरानं मला पोटातून कोरलं, लांब दांडी जोडली, खुंट्या बसवल्या, तारा ओढल्या. त्यानं पहिल्यांदा तार छेडली आणि माझ्या पोटात नाद घुमला. इतके दिवस मला आपल्या पोकळपणाची लाज वाटत होती. त्या दिवशी ती गेली. आत जागा होती म्हणून तर नाद राहायला आला होता!

मिरजेहून मला जळकोटाजवळच्या एका वाडीत आणलं ते दगडोबांच्या वडिलांनी. तेव्हापासून त्या शेतकरी घराकडे वीणेकरीपण आलं आणि मी त्यांच्या देवळीतली झाले. वडिलांच्या मागं मला दगडोबा सांभाळू लागले. तुळजाबाई, म्हणजे त्यांची बायको, दर गुरुवारी मला मऊ फडक्यानं पुसायच्या आणि पुसता पुसता माझ्याशी बोलायच्या. नवऱ्याशी बोलत नसतील इतकं माझ्याशी बोलायच्या.

आमच्या वाडीत दरवर्षी वसुबारसेला सप्ताह बसायचा. इतर गावांत लोक दिवाळीला फराळ करतात, आमच्याकडं फराळ करून कीर्तनाला बसतात. तुम्ही सप्ताह पाहिला नसेल तर सांगते. मारुतीच्या देवळात सात दिवस अखंड नाम चालतं. पहाटे काकडा होतो, दिवसा भजन, संध्याकाळी कीर्तन. या सात दिवसांत वीणा एकदा उभी राहिली की जमिनीला टेकवायची नाही आणि तिची तारही थांबू द्यायची नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा समोर येतो. दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि पट्टा या गळ्यातून त्या गळ्यात जातो. कीर्तन रंगलं म्हणजे बुवांचा हात वर जायचा, टाळकरी पावली खेळायचे, म्हातारी माणसंही जागच्या जागी डुलायची. मी तेवढी एकाच सुरात उभी. मला त्यातच सुख होतं. सगळे नाचू लागले की एकानं तरी जागा सोडू नये.

रझाकारांच्या धामधुमीच्या वर्षी देवळात जमायची सोय राहिली नव्हती. तेव्हा आमच्या लोकांनी गोठ्यात सप्ताह बसवला. बैलांच्या घुंगुरमाळा काढून ठेवल्या, दारात कडब्याच्या पेंढ्या रचल्या, आणि दगडोबा माझी तार इतकी हळू छेडत की शेजारच्या बैलानं कान टवकारूनही त्याला ती ऐकू येऊ नये. बुवांनी कीर्तन कुजबुजत केलं. पण खंड पडला नाही. त्या वर्षी लोकांनी माझ्या पायाशी जे डोकं टेकवलं, तसं कौतुक मला पुन्हा कधी मिळालं नाही.

पुढं निजामाचा अंमल संपला. आम्ही मोकळे झालो. गावात पंचायत आली, निवडणूक झाली. आणि मित्रांनो, रझाकारांना जे जमलं नव्हतं ते आमच्याच माणसांनी करून दाखवलं.

झालं असं. सप्ताहाचा पहिला पहारा पाटलांच्या घराचा. आण्णासाहेब पाटील तो करत आले होते. निवडून आलेले सरपंच होते तात्या. पोळ्याच्या आसपास देवळात बैठक बसली.

"पहिला पहारा माझ्या घरचा. माझ्या आज्यापासनं चालत आलाय," आण्णासाहेब म्हणाले.

"आज्याचं राज्य गेलं की पाटील. आता मतं पडत्यात," तात्या म्हणाले.

"मग वीणेचं बी मत घ्या! बघू कुनाला देती."

"ती बोलत न्हाय, म्हणूनच तर तुमचं इतकी वर्सं भागलं!"

कुणी हसलं, कुणी बाह्या वर केल्या. अर्धी वाडी इकडं बसली, अर्धी तिकडं. दगडोबांनी दोघांचे पाय धरले, पण दोघांनीही पाय मागं घेतले. शेवटी ठरलं की यंदा सप्ताह नको. पहिला पहारा कुणाचा हे ठरत नाही तोवर वीणा खुंटीला.

दगडोबा घरी येऊन माझ्यासमोर बसले. त्या दिवशी ते जेवले नाहीत. त्यांचा मुलगा मल्लिनाथ तेव्हा सुट्टीवर आला होता. तो शिकलेला होता आणि सरकारच्या हवामान खात्यात नोकरीला होता. त्याची बदली दूर उत्तरेला, हिमालयातल्या एका चौकीवर झाली होती. घाट बर्फानं बंद होण्याआधी वर चढायचं आणि उन्हाळा आला की मगच खाली उतरायचं, अशी ती नोकरी. त्याला दिवाळी घरी नव्हती, संक्रांतही नव्हती, पाडवाही नव्हता.

"मल्ल्या," दगडोबा म्हणाले, "हिला संगं ने."

"दादा, तिथं बर्फ हाय. मानसं चार. कीर्तन कुनाला सांगू, बर्फाला?"

"सांग की. बर्फ भांडत तर न्हाय! वसुबारसेला उभी कर, सात दिस खाली टेकवू नको. गोठ्यात बसला तवा बी खंड पडला न्हाय. माझ्या हयातीत पडू देऊ नको, लेकरा."

तुळजाबाईंनी मला दोन गोधड्यांत गुंडाळलं. तिसरी मल्लिनाथला दिली. तो म्हणाला, "आई, थंडी मला वाजनार हाय का हिला?" त्या म्हणाल्या, "तुला तोंड हाय सांगायला."

मित्रांनो, सोलापूरपासून आगगाडीत मी त्याच्या मांडीवर बसून गेले. मग मोटार, मग खेचर, आणि शेवटी त्याची पाठ. झाडं संपली, मग गवत संपलं, आणि सगळं पांढरं झालं. जिकडं पाहावं तिकडं पिंजलेल्या कापसाची रास. पण कापसाला ऊब असते.

चौकी म्हणजे दगडामातीची एक बुटकी खोली, मधोमध लोखंडी शेगडी, आणि छपरावर बिनतारी संदेशाचा खांब. खोलीपासून काही अंतरावर बर्फात एक पांढरी जाळीदार पेटी उभी होती. तिच्यात तापमापक होते. दिवसरात्र ठरलेल्या वेळी कुणीतरी बाहेर जाऊन ते वाचायचे, वारा पाहायचा, बर्फ मोजायचा, आणि तो आकडा बिनतारीवरून खाली कळवायचा. त्यावरून विमानं उडायची की थांबायची ते ठरायचं. घाटाखालची गावं आणि खेचरांचे तांडे त्यावर विसंबून असायचे. तिथंही खंड पडू द्यायचा नव्हता. वादळात वाट चुकू नये म्हणून खोलीपासून पेटीपर्यंत एक दोर बांधलेला होता.

चौकीचे साहेब होते विष्णुपंत. ते तुळजापूरचे, पुजाऱ्यांच्या घराण्यातले. आपल्या जिल्ह्याचा माणूस आला म्हणून त्यांना आनंद झाला, पण तो त्यांनी दाखवला नाही. बिनतारी सांभाळायला करतारसिंग नावाचे पंजाबी गृहस्थ होते. आणि स्वयंपाक, सरपण, वाट काढणं ही कामं करायला त्याच मुलखातला नोर्बू होता. नोर्बू बुद्धाचा भक्त. वाळवलेलं मांस खाणारा, जवाची दारू पिणारा, आणि सतत हसणारा.

वसुबारस आली. मल्लिनाथनं बर्फ वितळवून आंघोळ केली, कणकेचा दिवा लावला, आणि मला गळ्यात घेऊन शेगडीजवळ उभा राहिला. माझी तार बोलली आणि त्या खोलीला देवळाचा वास आला. करतारसिंगांनी डोकं झाकून हात जोडले. नोर्बूनं माझ्याकडं बघून जीभ काढली. मला आधी राग आला. नंतर कळलं, त्यांच्याकडचा जुना नमस्कार तसाच असतो.

विष्णुपंत म्हणाले, "मल्लिनाथ, सात दिवस एकट्याला कसं झेपेल? पाळ्या लावू या. मी घेतो दुसरा पहारा."

"नको साहेब."

"का रे?"

"तुमच्या गळ्यात माळ न्हाय. आमच्यात माळकऱ्यालाच वीणा देत्यात."

विष्णुपंत हसले. "म्हणजे कचेरीत मी तुझा साहेब, आणि इथं मी नापास? बरं. करतारसिंग?"

"त्यांना मटन चालतंय साहेब. आन् नोर्बूचं तर बघायलाच नको."

आता पाहा. ज्या भांडणामुळं आम्ही गाव सोडलं, तेच भांडण हा भला मुलगा आपल्या पडशीत घालून बर्फात घेऊन आला होता. वीणा कुणी धरावी! त्याला वाटत होतं की आपण नेम पाळतो आहोत. बापाला दिलेला शब्द त्याला जिवापेक्षा मोठा होता. म्हणून त्यानं सगळे पहारे स्वतःच्या गळ्यात घेतले. बसल्या बसल्या भिंतीला पाठ लावून तो डुलकी घ्यायचा, पण बोट तारेवरून हलू द्यायचा नाही. स्वतःच्या पाळीला पेटीकडं जाताना तो मला पोटाशी धरून वरून कांबळं पांघरायचा. संध्याकाळी तो कीर्तन करायचा. ऐकणारे तिघं. त्यातल्या दोघांना मराठी येत नव्हती, पण भक्ताचा देव धावून आला की करतारसिंगांचे डोळे भरून यायचे. नोर्बू विचारायचा, "फिर? देवता आया कि नहीं आया?"

दिवसेंदिवस मल्लिनाथचे डोळे लाल होत गेले. त्याचं बोलणं तुटू लागलं. "लेका, थोडा वेळ तरी दे," असं विष्णुपंत रोज म्हणायचे. तो रोज मान हलवायचा.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारपासून वारा सुटला. दिवस मावळायच्या सुमाराला बाहेर काही दिसेनासं झालं. वेधाची, म्हणजे पेटीतले आकडे वाचून यायची, पाळी मल्लिनाथची होती. विष्णुपंत म्हणाले, "आज मी जातो." पण तो दोराला हात घालून निघालासुद्धा.

मी त्याच्या छातीशी होते. आम्ही पेटीपाशी पोचलो. त्यानं तापमापक वाचला, आकडा मोठ्यानं म्हटला, म्हणजे विसरू नये. मग वाऱ्याला पाठ करून तो पेटीच्या आडोशाला टेकला. त्याला वाटलं, क्षणभर. माझ्या तारेवरचं त्याचं बोट हळू झालं, आणि थांबलं. थंडीनं ताणलेली माझी एक तार तटकन तुटली. तरी तो जागा झाला नाही. तो बर्फात बसत चालला होता. पण मित्रांनो, झोपेतसुद्धा त्यानं मला दोन्ही हातांनी वर, गुडघ्यांवर उचलून धरलं होतं. बर्फ त्याच्या कमरेपर्यंत चढला, पण मला लागला नाही. मला ओरडता आलं असतं तर मी त्याला म्हणाले असते, बाळा, मला टाक आणि ऊठ.

मग दोर हलला. दोरावरून कुणीतरी येत होतं. नोर्बू होता. त्यानं मल्लिनाथच्या गालावर दोन सणसणीत चपराका लगावल्या.

"ए पंडित! यहाँ जो सोया, वो सीधा बसंत में मिलता है!"

मल्लिनाथच्या तोंडून एवढंच निघालं, "खाली... ठेवू नको."

नोर्बूला मराठी येत नव्हती. पण इतके दिवस तो बघत होता. त्यानं माझा पट्टा सोडवला, स्वतःच्या गळ्यात घातला, मल्लिनाथला पाठीवर टाकलं, आणि एका हातानं दोर धरून निघाला. पुढं मी, मागं मल्लिनाथ, आणि मधे तो हसरा माणूस धापा टाकत काही पुटपुटत होता. तेही नामच होतं. दुसऱ्या देवाचं असेल, पण चाल तीच, एका श्वासात एकदा.

खोलीत आल्यावर विष्णुपंत आणि करतारसिंग मल्लिनाथचे हातपाय चोळू लागले. शेगडीची धग लागताच माझ्या भोपळ्याला चीर गेली. मला दुखलं, पण कुणाला सांगू? नोर्बू मला घेऊन उभाच होता. त्यानं अंगठ्यानं उरलेल्या तारा छेडून पाहिल्या आणि विचारलं, "ऐसे ना?"

विष्णुपंतांनी वर पाहिलं. मग म्हणाले, "ऐसेच. रुकना मत."

मग पाळ्या लागल्या. एकजण बाहेर वेधाला गेला की दुसरा मल्लिनाथपाशी बसे आणि तिसरा मला गळ्यात घेऊन उभा राही. करतारसिंगांनी बिनतारीच्या सुट्या सामानातली बारीक तार काढून माझ्या खुंटीला ओढली. मला गळ्यात घेताना त्यांनी नोर्बूच्या पायांना हात लावला आणि नोर्बूनं त्यांच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. तेही बघूनच शिकले होते. मल्लिनाथनं बर्फात वाचलेला आकडा त्याच्या पुटपुटण्यातून विष्णुपंतांनी दोनदा ऐकून घेतला आणि खाली कळवला. तिथंही खंड पडला नाही.

पाडव्याच्या सकाळी मल्लिनाथनं डोळे उघडले. माझा पट्टा तेव्हा करतारसिंगांच्या गळ्यात होता. तो ताडकन उठायला गेला आणि पडला.

"वीणा बाटली... माझा सप्ता मोडला. दादांना काय सांगू?"

"भाई, हम भी तो नाम ही जप रहे हैं," करतारसिंग हळूच म्हणाले.

विष्णुपंतांनी त्याला चहा पाजला. "मोडला की नाही ते मला कळत नाही. ते तुझ्या वडिलांना विचार. मला एवढंच माहीत आहे की तू जिवंत आहेस आणि वीणा वाजते आहे. आता झोप. तुझी पाळी आली की उठवू."

तुझी पाळी! तो शब्द ऐकून मल्लिनाथ रडला. पण झोपलाही. आणि पाळी आल्यावर उठून तो करतारसिंगांच्या पाया पडला. सप्ताह पुरा झाला. काल्याला लाह्या नव्हत्या, दही नव्हतं. भाजलेल्या जवाचं पीठ, वाळलेले जर्दाळू, डब्यातली दुधाची भुकटी आणि साखर नोर्बूनं कालवली. विष्णुपंतांनी सगळ्यांना भरवली. पण मल्लिनाथच्या मनातला काटा निघाला नाही. तो पूर्ण हिवाळाभर माझ्याकडं बघायचा आणि बापाला काय सांगायचं ते मनातल्या मनात घोकायचा.

उन्हाळ्यात तो मला घेऊन वाडीत आला. बातमी आधीच पसरली होती. देवळात माणसं जमली, इकडची इकडं, तिकडची तिकडं. मल्लिनाथनं काही लपवलं नाही. बर्फ, पेटी, झोप, नोर्बू, सगळं सांगितलं. शेवटी तो बापापुढं हात जोडून म्हणाला, "दादा, म्या राखू शकलो न्हाय. सप्ता मोडला का?"

दगडोबांच्या आधी आण्णासाहेबच बोलले, "म्हंजे आपल्या गावची वीणा बकरं खानाऱ्याच्या गळ्यात?"

"ह्ये मातर पाटील बरोबर बोलले," तात्या म्हणाले. कित्येक महिन्यांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, आणि तेही यावर!

तेवढ्यात बायकांच्या बाजूनं तुळजाबाई उठल्या. देवळात त्या कधी बोलल्या नव्हत्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाल्या, "त्या लेकरानं वीणा बी वर धरली आन् माझा पोरगा बी. त्यो आपला न्हाय, परका हाय. तुमी तर आपले. तुमी दोगांनी काय वर धरलं? तुमच्या मिशा?"

मागच्या एका पोरीला हसू आवरेना, आणि ते हसू सगळीकडं पसरलं.

दगडोबा उठले. मला त्यांनी मुलाच्या हातून घेतलं, चिरेवरून बोट फिरवलं, ती परकी तार छेडली. कान देऊन ऐकलं. "सुरात हाय," ते म्हणाले. "खंड न्हाय पडला, लेकरा. उलट पहारा वाढला."

मल्लिनाथ त्यांच्या पायांवर कोसळला. आण्णासाहेबांनी खाली बघत पागोटं काढलं. त्या वर्षी वसुबारसेला देवळात सप्ताह बसला. मला उभं करायची वेळ आली तेव्हा तात्या म्हणाले, "पाटील, पहिला पहारा तुमी घ्या."

"न्हाय न्हाय, सरपंच, तुमीच घ्या."

"तुमी वडीलधारे."

"तुमी लोकांचे."

"आता ह्याच्यावरनं भांडू नका!" दगडोबा ओरडले. "अग ए, ह्या दोगांचं ठरस्तवर तू धर." आणि माझा पट्टा तुळजाबाईंच्या गळ्यात पडला. त्यांनी माझी तार छेडली आणि त्या बायकांच्या बाजूला नव्हे, देवळाच्या ऐन मधोमध उभ्या राहिल्या. पुढचा बराच वेळ त्या दोघांचं काही ठरलं नाही, आणि कुणाला त्याची घाईही नव्हती.

मित्रांनो, आता मी थकले आहे. तुमच्या गावात, शाळेत, घरात एखादं जुनं वाद्य खुंटीला लटकत असेल. त्याची धूळ पुसा. तार सैल झाली असेल तर हळूच ओढून घ्या, उंदरांपासून आणि ओलीपासून जपा. एवढं केलंत तरी आम्ही टिकतो. पण टिकणं आणि वाजणं यात फार फरक आहे. म्हणून त्याला कधीतरी गळ्यात घ्या. खांदा दुखायला लागला की ते शेजारच्याला द्या, आणि देण्याआधी तो कोण, कुठला, काय खातो, हे विचारत बसू नका. त्याच्या पाया पडा आणि पट्टा त्याच्या गळ्यात घाला. तार थांबायच्या आत तेवढं उरकलं पाहिजे.